गाण्याचे पैसे कोणी दिले?

२५ नोव्हेंबर २००६, शनिवार. गाव सॅन होजे, कॅलिफोर्निया. सकाळी साडेसातला शेजारणीने दार वाजवलं. रात्रपाळी करून ती नुकतीच परतली होती, अंगात साफसफाईच्या कामाचा निळा कोट तसाच होता. “वालेन्तीनला मारलं,” एवढंच म्हणाली आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसली. मी चहा टाकला. वालेन्तीन एलिसाल्दे हा मेक्सिकोतल्या सोनोरा राज्याचा गायक, वय २७. टेक्सासच्या सीमेला लागून असलेल्या रेइनोसा शहरात रात्री त्याचा कार्यक्रम झाला. तो संपवून गाडीत बसून निघाला आणि थोड्याच अंतरावर त्याच्या गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. त्याचा ड्रायव्हर आणि मॅनेजरही गेले. त्या रात्री त्याने शत्रूंना उद्देशून असलेलं एक गाणं म्हटलं होतं आणि तिथल्या टोळीला ते आव्हानासारखं लागलं, असं तेव्हापासून मानलं जातं.

तारीख आणि गाव मी सगळ्यात आधी सांगितलं, कारण ज्या गाण्यांबद्दल मला लिहायचं आहे ती बहुतेक अशीच सुरू होतात. मेक्सिकोत त्यांना कोरिदो म्हणतात. आधी साल, दिवस, ठिकाण. मग माणसाचं नाव. मग काय घडलं ते, मधूनमधून त्या माणसाच्या तोंडची वाक्यं. शेवटी श्रोत्यांचा निरोप. जुन्या कोरिदोंत निरोपाच्या वेळी बरेचदा एक कबुतर येतं आणि त्याला बातमी घेऊन उडायला सांगतात. चार ओळींचं कडवं, ओळीत साधारण आठ अक्षरं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक. चाल बहुधा पोल्काची किंवा वॉल्ट्झची, कारण अ‍ॅकॉर्डियन आणि त्याबरोबरचे नाच त्या भागात जर्मन आणि बोहेमियन वसाहतकऱ्यांनी आणले. सोबत बाहो सेक्स्तो नावाची बारा तारांची गिटार. सिनालोआ राज्याकडे गेलं की ट्यूबा आणि पितळी वाद्यांचा ताफाच.

छापील वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्यांचं हे वर्तमानपत्र होतं. मेक्सिको सिटीत आन्तोनियो वानेगास आरोयोच्या छापखान्यातून एकपानी कोरिदो निघायचे, त्यांवर होसे ग्वादालुपे पोसादाची चित्रं असायची. ती पानं जत्रांतून विकली जात. १९१० ची क्रांती झाली तेव्हा तिचे नेते पान्चो व्हिया आणि सापाता, लढाया, रेल्वेगाड्या, फितुरी, सगळं कोरिदोंत आलं.

मी हे शिकले ते विद्यापीठात नाही. २००१ ते २००८ आम्ही सॅन होजेमध्ये होतो. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. मी कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा स्पॅनिशचा वर्ग लावला, आणि खरी भाषा शिकले ती या शेजारणीच्या ओट्यापाशी. ती सिनालोआची, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. मी तिला सेन्योरा म्हणायचे, ती मला ‘मिहा’ म्हणायची, म्हणजे पोरी. रविवारी ती मला बेरियेसाच्या जुन्या बाजारात न्यायची. मेक्सिकन लोक त्या बाजाराला ‘ला पुल्गा’ म्हणतात, पिसू. चिंचेचं सरबत, बूट, पोपटाचे पिंजरे, आणि मधे कॅसेट-सीडीचे ठेले, प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या वर.

एका ठेल्यावर मी पहिल्यांदा पाहिलं की तिला काही गाणी चालतात आणि काही चालत नाहीत. एका कोरिदोपाशी ती थांबून ओठ हलवत उभी राहिली. पुढचं गाणं लागलं तशी माझा हात धरून चालू लागली. दोन्ही गाण्यांत बंदुका होत्या, दोन्हींत अमली माल होता. मी विचारलं. ती म्हणाली, “पहिला मेलाय, मिहा. दुसरा जिवंत आहे. जिवंत माणसाचा कोरिदो मी ऐकत नाही.”

हा नियम मी वीस वर्षं डोक्यात घेऊन फिरते आहे. तो पुरा पडत नाही हेही मला कळलं आहे, आणि ते कळलं एका घोडीमुळे.

१२ जून १९०१. टेक्सासमधली कार्न्स काउंटी. शेरीफ मॉरिस घोडेचोराच्या तपासाला ग्रेगोरिओ कोर्तेसच्या घरी आला. दुभाषा म्हणून बरोबर आणलेल्या माणसाचं स्पॅनिश कच्चं होतं. त्याने विचारलं ‘काबायो’बद्दल, घोड्याचा व्यवहार केलास का म्हणून. कोर्तेस नाही म्हणाला. ते खरंच होतं. त्याने व्यवहार केला होता ‘येग्वा’चा, घोडीचा. स्पॅनिश बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या लेखी घोडा आणि घोडी हे दोन वेगळे शब्द आणि दोन वेगळी जनावरं आहेत. दुभाष्याच्या कानाला तो खोटेपणा वाटला. बोलणं वाढलं, शेरीफने कोर्तेसच्या भावाला गोळी घातली, कोर्तेसने शेरीफला. मग दहा दिवस तो पळत होता, पायी आणि घोड्यावर मिळून सुमारे ८०० किलोमीटर, मागावर शेकडो माणसं. लारेदोजवळ तो पकडला गेला. पुढे वर्षानुवर्षं खटले चालले, जन्मठेप झाली, आणि १९१३ साली टेक्सासच्या गव्हर्नरने त्याला माफी दिली.

मी भाषांतराचं काम करते, त्यामुळे ही गोष्ट मला इतरांपेक्षा जास्त लागते. एका शब्दाने जीव गेले. आणि हा शब्द सरकारदरबारी चुकीचा नोंदला गेला असताना तो बरोबर कुठे राहिला, तर पळणाऱ्या माणसाच्या बाजूने बोलणाऱ्या लोकांच्या तोंडी. अमेरिको पारेदेस या टेक्सास विद्यापीठातल्या प्राध्यापकाने १९५८ साली या एका कोरिदोवर अख्खं पुस्तक लिहिलं. सीमेवरच्या मेक्सिकन माणसाच्या गाण्यांकडे विद्येचा विषय म्हणून बघायला त्याने भाग पाडलं.

आता शेजारणीच्या नियमाला घोडी आडवी येते ती अशी. कोर्तेस तुरुंगात होता, जिवंत होता, तेव्हाच त्याचं गाणं गायलं जात होतं. त्याच्या वकिलांसाठी सीमेवरच्या गरीब मेक्सिकन लोकांनी वर्गणी काढली. म्हणजे जिवंत माणसाचा कोरिदो वाईटच असतो असं नाही. मला वाटतं, सेन्योराने नियम सांगितला जिवंत-मेलेल्याचा, पण तिचा कान टिपत होता दुसरंच काही: या गाण्यात पैसा कुठून कुठे गेला. कोर्तेसच्या वेळी तो गाणाऱ्यांकडून त्याच्याकडे गेला.

तस्करीची गाणी अमेरिकेतल्या दारूबंदीइतकी जुनी आहेत. सीमेवरच्या रिओ ब्राव्हो नदीपलीकडून गाढवांवर तेकिला आणणारे आणि टेक्सास रेंजर्सच्या गोळीबारात मेलेले लोक १९२० च्या दशकात कोरिदोंत आले. १९३४ साली सॅन अँटोनिओत ध्वनिमुद्रित झालेल्या एका कोरिदोत तुरुंगात पडलेला तस्कर आपली कहाणी सांगतो. अशा जुन्या हजारो तबकड्या आज लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या संग्रहात ऐकता येतात. त्यांचं डिजिटल रूपांतर सुरू व्हायला ज्या देणगीचा हातभार लागला, ते ५ लाख डॉलर ‘लोस तिग्रेस देल नोर्ते’ या बँडच्या प्रतिष्ठानाने दिले होते.

हा बँड सॅन होजेचाच म्हणायला हवा. सिनालोआच्या मोकोरितो भागातल्या खेड्यातून एर्नान्देस भाऊ आणि त्यांचा चुलतभाऊ १९६८ साली कार्यक्रमासाठी इकडे आले, पोरगेलेच होते, आणि इथेच राहिले. आर्ट वॉकर नावाच्या इंग्रजाने त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. आन्हेल गोन्सालेसने लिहिलेल्या ज्या गाण्याने ते घराघरांत पोचले त्यात एमिलियो वारेला आणि टेक्सासची कामेलिया गाडीच्या टायरांत मारिहुआना भरून मेक्सिकोच्या सीमेवरच्या तिहुआनाहून लॉस एंजेलिसला जातात. माल पोचतो, पैसे मिळतात, आणि तो तिला सांगतो की आता आपले रस्ते वेगळे, माझी दुसरी आहे. ती त्याला सात गोळ्या घालते आणि पैसे घेऊन नाहीशी होते. १९७० च्या दशकातलं हे गाणं. त्यात कोणा खऱ्या म्होरक्याचं नाव नाही. तस्करी हा प्रसंग आहे, गोष्ट दोन माणसांची आहे. याच बँडने १९८४ साली सोन्याच्या पिंजऱ्याची उपमा घेऊन कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या बापाचं गाणं म्हटलं, ज्याची मुलं आता स्पॅनिश विसरली आहेत. सेन्योरा भांडी घासताना ते गुणगुणायची. तिचा धाकटा मुलगा तिला इंग्रजीतच उत्तर द्यायचा.

खरं वळण आणलं ते चालिनो सांचेसने, आणि त्याच्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. तो १९६० साली सिनालोआतल्या कुलियाकान शहराजवळच्या खेड्यात जन्मला. बहिणीवर बलात्कार करणाऱ्या माणसाला त्याने गोळी घातली आणि पोरवयातच सीमा ओलांडून लॉस एंजेलिस गाठलं. १९८४ साली तिहुआनात त्याच्या भावाचा खून झाला. त्याचा पहिला कोरिदो त्या भावाचा. मग तिहुआनाच्या तुरुंगात असताना बरोबरच्या कैद्यांनी आपापल्या गोष्टी त्याच्याकडून गाण्यात करून घेतल्या. बाहेर आल्यावर तोच व्यवसाय झाला. गिऱ्हाईक आपल्या माणसाचं नाव, गाव, हकीकत द्यायचं आणि चालिनो त्याचा कोरिदो बांधून, ध्वनिमुद्रित करून कॅसेट द्यायचा. गिऱ्हाइकांनी मित्रांसाठी आणखी प्रती मागितल्या. तो गाडीच्या डिकीतून, रविवारच्या बाजारांतून, गाड्या धुण्याच्या ठिकाणी कॅसेट विकू लागला. आवाज त्याचा चांगला नव्हता. तो स्वतःच म्हणायचा की मी गात नाही, भुंकतो. पण त्या आवाजात सिनालोआच्या डोंगरातली बोली जशीच्या तशी होती, आणि लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली मुलं त्याच्यासारखी टोपी घालू लागली.

जानेवारी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला गावी एका माणसाने मंचावरच त्याच्यावर गोळ्या झाडल्या. चालिनोने कमरेचं पिस्तूल काढून उलट गोळीबार केला. तो वाचला. मे महिन्यात कुलियाकानला कार्यक्रमात गाताना त्याच्या हातात कोणीतरी चिठ्ठी दिली. त्याचं चित्रीकरण आहे. तो चिठ्ठी वाचतो, कपाळावरचा घाम पुसतो, कागद चुरगळतो आणि गात राहतो. रात्री पोलीस म्हणवणाऱ्या माणसांनी त्याची गाडी अडवली. सकाळी तो कालव्याच्या काठी सापडला. वय ३१. चिठ्ठीत काय होतं ते आजवर कळलेलं नाही.

सेन्योराकडे चालिनोच्या सगळ्या कॅसेट होत्या. “पैसे घेऊन लिहायचा,” मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, “हो, पण लिहायचा ती आमच्या गावची पोरं होती.” खेड्यातला दुय्यम गुंड, जमिनीच्या वादात मेलेला शेतकरी, कोणाचा तरी भाऊ. त्यांची आई जिवंत होती आणि तिला लेकाचं नाव गाण्यात हवं होतं. पैसे आले होते ते शोकासाठी.

इथे मराठी वाचक म्हणेल की आपले शाहीरही आश्रयावर होते, मग यात विशेष काय. बरोबर आहे. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा जो संग्रह छापला त्यातले कितीतरी पोवाडे दरबारच्या आश्रयाने झालेले आहेत, आणि ते वाचताना आपण मनात ठेवतोच की बिदागी कोणी दिली. उमाजी नाईक सरकारी कागदात दरोडेखोर आणि लोकांच्या गाण्यात राजा होता, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच मला वाटतं की कोरिदोचा वाद मराठी माणसाला परका वाटू नये. पोवाड्याच्या कडव्यात आश्रयदात्याचं नाव बरेचदा असायचं. आजच्या कोरिदोच्या मागचा आश्रयदाता समोर येत नाही.

चालिनो गेल्यावर धंदा मोठा झाला. शोकाचे पैसे मागे पडले आणि मिरवण्याचे पैसे पुढे आले. डिसेंबर २००६ पासून, वालेन्तीन गेल्यानंतर दोनच आठवड्यांनी, राष्ट्राध्यक्ष काल्देरोन यांनी टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरवलं आणि खून कित्येक पटींनी वाढले. एकट्या सिउदाद हुआरेस शहरात २०१० साली तीन हजारांहून अधिक लोक मारले गेले. नदीपलीकडच्या, अमेरिकेतल्या एल पासोमध्ये त्याच वर्षी पाच. त्याच सुमाराला लॉस एंजेलिसच्या बाजूला असलेल्या बरबँकमध्ये बसून दोन जुळे भाऊ ‘मोविमिएन्तो आल्तेरादो’ नावाने गाणी काढत होते, ज्यांत मुंडकी उडवणं हा अभिमानाचा विषय होता. शाऊल श्वार्त्झचा ‘नार्को कल्चुरा’ हा २०१३ चा माहितीपट पाहा. एकीकडे हुआरेसमध्ये प्रेतांपाशी पुरावे गोळा करणारा न्यायवैद्यक कर्मचारी, दुसरीकडे कॅलिफोर्नियात बाळाला मांडीवर घेऊन म्होरक्याच्या फर्माइशीवर गाणं लिहिणारा तरुण गायक. तो तोवर मेक्सिकोत नीट राहिलेलाही नव्हता.

आता हे पुण्यात पोचलं आहे. मी गेली काही वर्षं इथे स्पॅनिश शिकवते. २०२३ साली पेसो प्लुमाचं ‘एस्लाबोन आर्मादो’ या बँडबरोबरचं प्रेमगीत बिलबोर्डच्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, तेव्हा वर्गातली मुलं ते पाठ म्हणत होती. मला आनंद झाला, उच्चार सुधारत होते. मग एका मुलाने दुसरं गाणं आणलं. “मॅडम, हे भाषांतराला घेऊ का?” त्याने शब्दकोश लावून सगळं नीट केलं होतं, फक्त एक टोपणनाव तसंच ठेवलं होतं. “हा माणूस कोण आहे ते कळलं नाही.” तो माणूस सिनालोआच्या टोळीतला होता. त्या मुलाला चाल आवडली होती, ट्यूबा आवडला होता. त्यात त्याचा काही दोष नाही. त्या दिवशी वर्गात आम्ही भाषांतर बाजूला ठेवलं आणि मी फळ्यावर मेक्सिकोचा नकाशा काढला.

२९ मार्च २०२५ रोजी हालिस्को राज्यातल्या सापोपानच्या मोठ्या सभागृहात ‘लोस आलेग्रेस देल बार्रान्को’ या बँडने गाताना मागच्या पडद्यावर एल मेन्चोचं चित्र दाखवलं. एल मेन्चो म्हणजे हालिस्कोच्या टोळीचा तेव्हाचा म्होरक्या. सभागृहात जल्लोष झाला. तिथून सुमारे ६० किलोमीटरवर तेउचित्लान गावाजवळच्या एका मळ्यात, त्याच महिन्याच्या सुरुवातीला, आपली माणसं शोधणाऱ्या नातेवाइकांच्या गटाला जळलेल्या हाडांचे तुकडे आणि शेकडो बूट-चपला सापडल्या होत्या. तिथे त्याच टोळीचा भरतीचा आणि प्रशिक्षणाचा तळ होता, असं तपासातून पुढे आलं. लोक फोटोंत आपल्या मुलांचे बूट ओळखायचा प्रयत्न करत होते.

अमेरिकेने त्या बँडचे व्हिसा रद्द केले. मेक्सिकोतल्या काही राज्यांनी आणि शहरांनी असल्या गाण्यांवर बंदी घातली किंवा आधीची कडक केली. सापोपानच्या कार्यक्रमानंतर दोनच आठवड्यांनी तेस्कोकोच्या जत्रेत लुइस आर. कोन्रिकेस या गायकाने जाहीर केलं की आज मी असली गाणी म्हणणार नाही, मनाई आहे. प्रेक्षकांनी मंचावर चढून वाद्यांची मोडतोड केली. राष्ट्राध्यक्ष क्लाउदिया शाइनबाउम यांनी मात्र बंदीला नकार दिला आणि हिंसेचा गौरव न करणाऱ्या गाण्यांची स्पर्धा जाहीर केली.

माझं मत बंदीच्या विरुद्ध आहे, आणि ते केवळ अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वासाठी नाही. बंदी नवी नाही. सिनालोआत रेडिओवर हे कोरिदो थांबवण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकापासून झाले. २०११ साली तिथल्या राज्यपालांनी बार आणि नाचगाण्याच्या ठिकाणी ते वाजवायला मनाई केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. मधल्या काळात गाणी कमी झाली नाहीत. मुख्य म्हणजे बंदी पडते ती गाणाऱ्यावर, आणि या सगळ्या व्यवहारात सगळ्यात दुबळा माणूस तोच आहे. फर्माईश नाकारली तर बंदूक, गायलं तर दुसऱ्या टोळीची बंदूक, आणि आता वर सरकारचा दंड. मे २०२५ मध्ये ‘ग्रूपो फुखितिवो’ नावाच्या साध्या नाचगाण्याच्या बँडला रेइनोसात एका खासगी समारंभाला बोलावलं. पोरं वाद्यं घेऊन गेली. चार दिवसांनी पाच जणांची प्रेतं मिळाली. रेइनोसा म्हणजे वालेन्तीन जिथे मेला तेच शहर. मधे साडेअठरा वर्षं गेली होती.

पण ‘गाणं हा आरसा आहे, आरसा फोडून काय होणार’ हे जे उत्तर गाण्याच्या कंपन्या आणि त्यांचे वकील देतात, तेही मला मान्य नाही. आरशासमोर जो उभा राहील तो दिसायला हवा. मेक्सिकोत अधिकृत आकड्यांनुसार १ लाख २० हजारांहून अधिक लोक बेपत्ता आहेत. ते या आरशात दिसतात का? यात दिसतो तो फक्त पैसे मोजणारा, त्याची गाडी, त्याची सोन्याचा मुलामा दिलेली रायफल. आणि ती रायफल बरेचदा अमेरिकेतल्या दुकानातून दक्षिणेला आलेली असते.

कायद्याला हात घालायचा असेल तर तो हिशेबाला घालावा, कडव्यांना नको. याचं एक उदाहरण आहे आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. लॉस एंजेलिसमधल्या ‘डेल रेकॉर्ड्स’ या मोठ्या कंपनीचा मालक आन्हेल देल वियार याला मार्च २०२५ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयात ज्यूरीने दोषी ठरवलं. टोळीशी संबंधांमुळे अमेरिकेच्या अर्थखात्याने ज्याच्याशी व्यवहार करायला मनाई केली होती, अशा कार्यक्रम भरवणाऱ्या माणसाबरोबर त्याने धंदा चालू ठेवला होता. शिक्षा चार वर्षांची झाली. खटल्यात कोणतंही गाणं आरोपी नव्हतं. बुकिंग, पैसे, तारखा, खाजगी विमान, एवढंच होतं. मला हे योग्य वाटतं. गायक काय गातो हे पोलिसांनी ठरवू नये, पण त्याच्या कार्यक्रमाचे पैसे कुठून आले हे लोकांना कळलं पाहिजे.

बाकीचं काम गाण्यानेच करावं लागेल आणि ते सुरूही झालं आहे. कोआविला राज्याची गायिका विविर किन्ताना मार्च २०२० मध्ये मेक्सिको सिटीच्या सोकालो चौकात मोन लाफेर्ते या गायिकेबरोबर स्त्रीहत्यांविरुद्धचं गाणं गायली, ते आज लॅटिन अमेरिकेतल्या मोर्च्यांत गायलं जातं. २०२५ साली तिने कोरिदोंचा संग्रह काढला. त्यातल्या बायका मारहाण करणाऱ्या, बलात्कार करणाऱ्या पुरुषाला स्वतःचा जीव वाचवताना मारून तुरुंगात गेलेल्या आहेत. ती तुरुंगांत जाऊन त्यांना भेटली. अ‍ॅकॉर्डियन तेच, चार ओळींचं कडवं तेच, हातात हत्यारही आहे. ग्रेगोरिओ कोर्तेसची आठवण मला चालिनोनंतर पहिल्यांदा झाली ती इथे, कारण न्यायालयाने चुकीचं ऐकलेलं एक वाक्य पुन्हा कोणीतरी बरोबर सांगत होतं.

सेन्योरा आता थकली आहे. महिन्यातून एकदा आम्ही व्हिडिओवर बोलतो. तिच्या बहिणीचा मुलगा सिनालोआत कामाला म्हणून घरातून बाहेर पडला तो परत आला नाही, त्याला दहा वर्षं होऊन गेली. तिची बहीण तिथल्या शोध घेणाऱ्या बायकांबरोबर जाते. माळावर, उसाच्या कडेला, जिथे माती भुसभुशीत दिसेल तिथे त्या लोखंडी सळई ठोकतात, बाहेर काढतात आणि टोकाचा वास घेतात. त्याच सिनालोआतल्या एल फुएर्तेच्या गटाच्या मिर्ना मेदिना यांना त्यांच्या मुलाचे अवशेष तो नाहीसा झाल्यापासून बरोबर तीन वर्षांनी असेच सापडले. सेन्योराच्या बहिणीला अजून काही सापडलेलं नाही.

मागच्या खेपेला मी तिला विविर किन्तानाबद्दल सांगितलं, गाणं ऐकवलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मी म्हटलं, तुमच्या भाच्याचा कोरिदो कोणी केला तर? ती जरा वेळ बोलली नाही. मागे तिच्या नातवाने टीव्ही लावला होता, तो तिने हाताने खुणावून बंद करायला लावला.

“सुरुवात कुठून करतील, मिहा?” ती म्हणाली. “तारीख कुठली घालतील? गाव कुठलं?”